मामाचा कोट आणि फाउंड्रीचं जर्नल

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये पॅटर्न अलाउन्स शिकताना आमच्या अख्ख्या बॅचला एकच प्रश्न पडला होता, की याचा आयुष्यात उपयोग काय? तर मंडळी, उपयोग झाला. तोसुद्धा न्यू जर्सीत.

माझा मामा तिकडे असतो. मेकॅनिकलवाला माणूस आणि जुन्या वस्तूंचा भारी नाद. जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याकडून त्याने जाड लोकरीचा, शेवाळी-खाकी रंगाचा अमेरिकन सैनिकी कोट घेतला. पहिल्या महायुद्धातला, आणि तोही जखमी झालेल्या सैनिकाचा, असं त्याला सांगण्यात आलं. 'जखमी' या शब्दाचे पैसे वेगळे होते. मामाने दिले, आणि मग झोप येईना म्हणून मला व्हिडिओ कॉल केला. "अगं, तू या असल्या गोष्टी वाचत बसतेस ना? जरा बघ." (वाचत बसते हे खरं आहे. आमच्या रूमवर मेसच्या भाजीखालोखाल चेष्टेचा विषय तोच.)

अशा कोटात बटणं सगळ्यात आधी बघायची आणि त्यांच्यावर विश्वास मात्र सगळ्यात शेवटी ठेवायचा. कारण बटण बदलायला पाच मिनिटं लागतात. सैनिक स्वतः बदलतो, त्याची बायको बदलते, विक्रेताही बदलतो.

तरी बटण काळ सांगतं. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) साध्या सैनिकाच्या बटणावर छातीवर ढाल धरलेला गरुड असायचा. अधिकाऱ्याच्या बटणावर त्याच ढालीत एक अक्षर असे. पायदळाला 'आय', घोडदळाला 'सी', तोफखान्याला 'ए'. इंजिनिअर्सचं बटण साफ वेगळं होतं. त्यावर पाण्याने वेढलेला बुरूज, उगवता सूर्य आणि चोचीत पट्टी धरलेला गरुड. पट्टीवर फ्रेंच शब्द, 'एसायाँ', म्हणजे 'प्रयत्न करूया'. (आपल्या सबमिशनच्या फाइलवर छापायला हरकत नाही.) मग १९०२ साली सैन्याने देशाची राजमुद्राच बटणावर आणली. गरुडाच्या चोचीत फीत, डोक्यावर ताऱ्यांचा झुबका. म्हणजे यादवी युद्धातला म्हणून कोणी कोट दाखवला आणि बटणावर ताऱ्यांचा झुबका असला, तर एकतर कोट नंतरचा किंवा बटण नंतरचं.

मामाच्या कोटाला पुढे पाच बटणं होती. सगळी राजमुद्रेची, काळपट ब्राँझ रंगाची. इथवर बरोबर. चकचकीत पितळ सैन्याने १९२० च्या दशकात पुन्हा आणलं, त्यामुळे १९१८ च्या कोटावर बटणं झगमगत असतील तर कोणीतरी घासलीत किंवा बदललीत. पण खालून दुसरं बटण मला जरा मऊ वाटलं. मऊ म्हणजे पिसांच्या रेघा बोथट, जणू गरुड पावसात भिजलाय. मी म्हटलं, "मामा, कॅलिपर काढ."

चार बटणं एकसारखी भरली. पाचवं जवळजवळ ०.३५ मिलिमीटरने लहान.

आता फाउंड्रीचं जर्नल उघडा. खरं बटण पितळेच्या पातळ पत्र्यातून डायखाली ठोकून काढलेलं असतं. पुढची टोपी मागच्या चकतीवर दुमडलेली, आत पोकळ, मागे तारेचा आकडा. मागच्या चकतीवर बऱ्याचदा कारखान्याचं नाव. कनेक्टिकटमधल्या वॉटरबरी गावची स्कोव्हिल कंपनी त्यातली प्रसिद्ध. नक्कल करणाऱ्याकडे ती डाय नसते. तो खरं बटणच साच्यात दाबतो आणि त्यात धातू ओततो. ओतलेलं पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. पॅटर्न बनवणारा म्हणूनच पॅटर्न तेवढा मोठा ठेवतो, पण नकलाकाराचा पॅटर्न म्हणजे ते बटणच! ते मोठं कसं करणार? २३ मिलिमीटरचा दीड टक्का काढून बघा. ०.३४५ येतो.

अर्थात नुसत्या मापावर निकाल देऊ नये. दोन कारखान्यांच्या डायमध्येही फरक असतो. पण मामाने बटण उलटं केलं तर मागे ना शिवण ना दुमड, सगळं एकसंध आणि खरखरीत. संपलं. पण एका बटणाने कोट खोटा होत नाही. हरवलं असेल, कोणीतरी भरलं असेल.

मग कॉलर. त्या काळी साध्या सैनिकाच्या कॉलरवर दोन गोल बिल्ले असत. घालणाऱ्याच्या उजवीकडे 'यू एस' आणि डावीकडे त्याचं दल. एकमेकांवर आडव्या बंदुका म्हणजे पायदळ, तोफा म्हणजे तोफखाना, किल्ला म्हणजे इंजिनिअर्स. मागे स्क्रू आणि गोल नट. टोचून दाबायच्या चापाचे बिल्ले दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासूनचे. मामाच्या कोटावर बिल्ले उलटसुलट बसवले होते, पण नट खरे होते. फोटोत डावंउजवं गोंधळतं, म्हणून 'घालणाऱ्याच्या' हा शब्द विसरू नका. मी पहिल्यांदा विसरले होते आणि मामाला उगाच घाबरवलं.

खरा मुद्दा बाह्यांवर होता. आपल्या हवालदाराच्या बाहीवर फिती असतात तशा, पण मनगटाजवळ, उलट्या टोपीसारख्या सोनेरी फिती. डाव्या बाहीवरची प्रत्येक फीत म्हणजे परदेशात युद्धावर काढलेले सहा महिने. उजव्या बाहीवरची म्हणजे जखम. आणि गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की दोन्ही फिती हुबेहूब एक. फरक फक्त बाहीचा. पुढे १९३२ मध्ये 'पर्पल हार्ट' पदक सुरू झालं, तेव्हा ही जखमेची फीत असलेले सैनिक त्यासाठी अर्ज करू शकत होते. इतकं तिचं वजन.

मामाच्या कोटावर डावीकडे दोन, उजवीकडे एक. त्याच्याकडे नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च होती. खोलीत अंधार केला. आजच्या पुष्कळ दोऱ्यांत आणि वॉशिंग पावडरीत चकाकी आणणारी रसायनं असतात, ती त्या प्रकाशात निळीपांढरी पेटतात. १९१८ च्या सुती दोऱ्यात ती नसतात. डाव्या बाहीच्या फिती काळ्याच राहिल्या. उजव्या बाहीची फीत कडेने ट्यूबलाइटसारखी उजळली. पुढच्यांना सावध करते, की कोट कधी आधुनिक साबणात धुतला असेल तर सगळंच चमकतं आणि ही परीक्षा बाद होते. हा कोट चमकला नाही, फक्त तेवढा दोरा.

दोरा उसवून पुन्हा शिवलेला असू शकतो. म्हणून मामाने बाही उलटी करून अस्तराखालून बोट फिरवलं. फितीच्या बरोबर खाली कसरीने खाल्लेलं भोक होतं, आणि वरची फीत मात्र शाबूत. म्हणजे कसर आधी आली, फीत नंतर.

मग आली कुठून? मी म्हटलं, डाव्या बाहीवर दोन फितींच्या वर टॉर्च तिरकी धर. तिथे सुईच्या जुन्या भोकांची तिसरी रांग होती, आणि तिच्या आतला कापडाचा भाग न विटलेला, गडद.

म्हणजे तो माणूस अठरा महिने परदेशात होता. कोणीतरी त्याचे सहा महिने उसवले, दुसऱ्या बाहीवर नेले आणि त्याची जखम केली. नकली बटणाचा मला राग आला नव्हता, उलट कारागिराची मजा वाटली होती. याचा आला. तो माणूस कोण होता कोणाला माहीत, पण त्याने न झालेली जखम कधी मिरवली नव्हती, आणि अठरा महिने मात्र खरेच काढले होते.

विक्रेत्याला फोन केला तर त्यालाही कोट असाच मिळाला होता म्हणे. पैसे परत नाहीत. असो.

"परत डावीकडे शिवू का?" मामाने विचारलं. मी नको म्हटलं. कितीही नीट शिवली तरी दोरा आजचाच असणार, आणि पन्नास वर्षांनी कोणीतरी टॉर्च मारून तिलाही खोटी ठरवेल. मामाने उजवीकडची फीत उसवली, पाकिटात घातली, ती कुठे सापडली आणि तिची भोकं कुठे आहेत ते पाकिटावर लिहिलं आणि पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. चमकणाऱ्या दोऱ्याचा तुकडाही त्यातच आहे. ओतीव बटण मात्र त्याने मला पाठवलं. सध्या माझ्या टेबलावर असतं. कोणाला मोजायचं असेल तर या, कॅलिपर आपापला आणा.