किंग्ज इंडियन बचाव

किंग्ज इंडियन बचाव : बुद्धिबळातील काळ्या मोहऱ्यांची एक प्रतिहल्लाप्रधान आरंभपद्धती. पांढऱ्याच्या डी ४, सी ४, घोडा सी ३ व ई ४ या चालींना काळा अनुक्रमे घोडा एफ ६, जी ६, उंट जी ७ व डी ६ अशी उत्तरे देतो आणि लवकरच किल्लेकोट करतो. पटाचा मध्य प्रथम प्रतिपक्षास देऊन नंतर ई ५ किंवा सी ५ या प्याद्याच्या चालीने त्यावर आघात करणे, हे या बचावाचे मूलतत्त्व होय.

जुन्या हिंदुस्थानी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही सामान्यतः एकच घर पुढे जाई. त्यामुळे अशी दबा धरून बसणारी मांडणी येथील खेळाडूंच्या अंगवळणी पडलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी यांनी जॉन कॉक्रेनविरुद्ध असे डाव खेळले. ‘इंडियन’ हे नाव या परंपरेवरून आले. १९४० नंतर ब्रॉनस्टाइन व बोलेस्लाव्हस्की यांनी या बचावास प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे फिशर व कास्पारॉव्ह यांनी तो प्रभावीपणे वापरला.

मुख्य प्रकारात ई ५ नंतर पांढरा डी ५ खेळून मध्य बंद करतो. मग पांढरा वजीराच्या बाजूस सी ५ ची, तर काळा राजाच्या बाजूस एफ ५, एफ ४ व जी ५ ची तयारी करतो. येथे प्रत्येक चालीचे मोल मोठे असते : काळा रेंगाळल्यास पांढऱ्याचा हत्ती सी-स्तंभातून आत घुसतो, काळ्याचा हल्ला आधी पोहोचल्यास पांढऱ्याचा राजा संकटात सापडतो. १९५३ च्या झुरिक स्पर्धेतील तैमानॉव्हविरुद्धचा नायडॉर्फचा विजय याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

क्लबपातळीवरील खेळाडूने लांबलचक चाली पाठ करण्याआधी प्याद्यांची रचना समजून घ्यावी. सी ८ वरील उंट हल्ल्याचा आधार असल्याने त्याची अदलाबदल सहसा टाळावी. पांढऱ्याने ई ५ वर प्यादी व डी ८ वर वजीर मारामारीत काढून टाकल्यास निराश होऊ नये : पांढरा घोडा ई ५ वरील प्यादे घेताच काळा घोडा ई ४ वरील प्यादे घेऊ शकतो, कारण जी ७ वरील उंटाचा कर्ण मोकळा झालेला असतो. अशा वजीराविना स्थितींचाही सराव आवश्यक आहे.

असा सराव सतत सामन्यांतूनच होतो. महाराष्ट्रात त्यासाठी सांगलीचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. तेथे भाऊसाहेब पडसलगीकर यांनी उभारलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाने स्पर्धांची दीर्घ परंपरा निर्माण केली. पुणे-मिरज लोहमार्गावरील लोणंदसारख्या गावांतील हौशी खेळाडूंना बलवान प्रतिस्पर्ध्यांशी खेळण्याची संधी अशा स्पर्धांतून मिळते. या बचावात एका चुकीने डाव जातो. म्हणून खेळलेला प्रत्येक डाव लिहून ठेवून त्यातील प्रतिहल्ल्याचा क्षण तपासणे, हाच त्याच्या अभ्यासाचा भरवशाचा मार्ग होय.