विश्लेषण : घाटात ई-कार थांबली, तर जनरेटर तारेल का?

कराडहून पाटण, कोयनानगरमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणाऱ्या रस्त्यावर ई-कारची बॅटरी संपली तर? पेट्रोल बाटलीतून आणता येते, वीज नाही. १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प शेजारी असूनही! म्हणूनच फिरत्या आपत्कालीन चार्जरची कल्पना पुढे येते.

तो बनवायचा कसा?
सोपा मार्ग म्हणजे तीन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आणि गाडीची चार्जिंग केबल. खरी अडचण अर्थिंगची. केबल आधी अर्थिंग तपासते. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल मात्र सहसा अर्थिंगला जोडलेला नसतो. त्यामुळे अनेकदा चार्जिंग सुरूच होत नाही. उपाय म्हणजे जनरेटरपाशी न्यूट्रल व अर्थ जोडणे आणि पुढे आरसीसीबी बसवणे. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियननेच करावे. हीच जोडणी घरच्या सॉकेटवर वापरणे जिवावर बेतू शकते. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून जनरेटर उघड्यावरच चालवावा. डिकीत ठेवून नव्हे.

हाती काय लागते?
फार नाही. सहा अँपिअरवर सुमारे १.४ किलोवॉट, म्हणजे तासाभरात सपाटीवर सात-आठ किलोमीटरची सोय. चढावर हिशेबच बदलतो. दीड टनाची गाडी ५०० मीटर उंच न्यायलाच निव्वळ दोन युनिट लागतात. उतारावर मात्र मोटर थोडी वीज बॅटरीला परत देते. त्यामुळे चिपळूणकडून येणाऱ्यांनी बॅटरीचा आकडा घाट चढण्याआधी, पोफळीलाच पाहावा.