खाँसाहेबांचा खरा स्वर

किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांची गायकी आजच्या रसिकाला परिचित आहे ती मुख्यतः १९३० नंतरच्या ध्वनिमुद्रिकांमुळे. परंतु तरुण खाँसाहेबांचा आवाज त्यापूर्वीच, १९०५ च्या सुमारास, तबकड्यांवर उतरला होता. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. विद्युत ध्वनिमुद्रण आले ते १९२५ साली. गायकाला कर्ण्यासमोर बसून, तीन-चार मिनिटांत राग आटोपावा लागे. तंबोऱ्याचा झंकार त्यात क्वचितच उमटे.

या मर्यादा सर्वांना ठाऊक आहेत. दुर्लक्षित राहते ती तबकडीच्या वेगाची गोष्ट. मिनिटाला ७८ फेऱ्यांचा दंडक त्या वेळी रूढ झाला नव्हता. कमी वेगाने मुद्रित झालेली तबकडी ७८ च्या वेगाने वाजविली, की लय वाढते, पट्टी चढते आणि भारदस्त आवाजही पातळ वाटू लागतो. या मुद्रणांवरील स्वामित्वहक्काची साठ वर्षांची मुदत केव्हाच संपली असल्याने त्यांच्या प्रती आज कोणीही काढू शकतो. ही सोय स्वागतार्हच. पण मूळ प्रतीतील चूकही तिच्याबरोबर शतगुणित होते.

म्हणूनच प्रत्येक प्रतीसोबत तबकडीचा क्रमांक, मुद्रणाचे वर्ष आणि वाजविण्याचा वेग नोंदविणे हे संग्राहकांचे व संस्थांचे कर्तव्य ठरते. मिरजेला खाँसाहेबांच्या स्मृतीप्रीत्यर्थ दरवर्षी स्वरांजली वाहिली जाते. सुरेलपणालाच ज्यांनी सर्वस्व मानले, त्यांचा स्वर चुकीच्या पट्टीत पुढील पिढीच्या हाती देणे, हा त्या स्मृतीचा उपमर्दच होय.