‘३७७ गेलं, आता कसली अडचण?’

मी एका मध्यम आकाराच्या कारखान्याच्या हिशेब विभागात काम करतो. पगारपत्रकं, पीएफ, ग्रॅच्युइटी, गटविमा ही माझी रोजची कामं. मी गे आहे. माझा जोडीदार आणि मी बरीच वर्षं एकत्र राहतो. कंपनीतल्या काही जणांना हे माहीत आहे, बऱ्याच जणांना नाही. ज्यांना माहीत आहे ते मनाने चांगलेच आहेत, पण त्यांच्या बोलण्यात काही ठरावीक समज पुन्हा पुन्हा येतात. सगळं ठीकच चाललंय असं वाटत असल्यामुळे काही बदलायला हवं, हे कोणाच्या मनातही येत नाही. म्हणून हे समज तपासून पाहायला हवेत.

पहिला आणि सगळ्यांत मोठा समज शीर्षकातच दिला आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दोन सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खाली गुन्हा ठरत नाहीत, असा निकाल दिला. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. पण गुन्हा नसला म्हणून नोकरी टिकेल याची हमी मिळत नाही. लैंगिक कलावरून भेदभाव करणं राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये बसत नाही, हे २०१८ च्या निकालात आहे. पण ते कलम मुख्यतः सरकारला बांधतं. सरकारी कर्मचारी त्याच्या आधारावर उच्च न्यायालयात जाऊ शकतो. खासगी कंपनीने गे कर्मचाऱ्याची बढती अडवली, तर त्याने बोट ठेवावं असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. ‘ट्रान्सजेंडर कायदा आहे ना?’ असं काही जण विचारतात. २०१९ चा तो कायदा नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतो, पण ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या बाबतीत. गे पुरुष किंवा लेस्बियन स्त्री त्याच्या व्याख्येत येत नाही. शिवाय माणसाला काढताना खरं कारण कागदावर कोण लिहितं? नियुक्तिपत्रातली महिन्याच्या नोटिशीची अट पुरेशी असते.

हे अंतर किती जीवघेणं ठरू शकतं, हे मराठी वाचकांना तरी वेगळं सांगायला नको. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळ नागपूरचे, मराठीचे प्राध्यापक आणि कवी, अलिगढ मुस्लिम विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख. ८ फेब्रुवारी २०१० रोजी काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून त्यांना निलंबित केलं, राहतं घरही सोडायला लावलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजीच संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले होते आणि तो निकाल तेव्हा उभा होता. म्हणजे फौजदारी कायद्याचा अडसर नसतानाही निलंबन झालं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला सिरस भाड्याच्या खोलीत मृत सापडले. हंसल मेहता यांच्या ‘अलिगढ’ चित्रपटामुळे ही हकिगत अनेकांपर्यंत पोहोचली. पण सरांना ज्या कारणावरून निलंबित केलं, ते गुन्ह्याचं नव्हतंच, ही गोष्ट त्या चर्चेतही बाजूला पडते.

आता काळ बदलला, असं म्हणावं तर ज्येष्ठ वकील सौरभ किरपाल यांचं उदाहरण समोर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी त्यांचं नाव सुचवलं. केंद्राने ते परत पाठवलं. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने पुन्हा शिफारस केली आणि सरकारचे आक्षेपही जाहीर केले. जोडीदार परदेशी नागरिक आहे, हा एक आक्षेप. किरपाल आपल्या लैंगिक कलाबद्दल उघडपणे बोलतात, हा दुसरा. त्या कारणावरून नाव नाकारणं घटनेला धरून नाही, असं कॉलेजियमने बजावलं. तरीही नेमणूक रखडली. इतक्या नावाजलेल्या वकिलाची ही गत, तर तालुक्याच्या पतसंस्थेतल्या कारकुनाने कशाच्या भरवशावर तोंड उघडायचं?

‘घरच्या गोष्टी घरी ठेवाव्यात, ऑफिसात कशाला आणायच्या?’

हे वाक्य मला सगळ्यांत जास्त ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याच्या टेबलावर त्याच वेळी बायको-मुलांचा फोटो असतो. साखरपुडा, डोहाळजेवण, बारसं, मुलाची दहावी, सासऱ्यांची बायपास, सगळं ऑफिसात येतं. पेढे वाटले जातात, वर्गणी निघते, ग्रुपवर फोटो पडतात. यात काही गैर नाही. माणसं दिवसाचे नऊ-दहा तास एकत्र घालवतात, ती एकमेकांच्या घरात डोकावणारच. प्रश्न एवढाच, की या सगळ्यात गे माणसाने गप्प बसायचं, आणि त्या गप्प बसण्याला शिस्त म्हणायचं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले, की ‘काय केलं रविवारी?’ हा प्रश्न येतोच. आम्ही दोघं सिंहगडावर गेलो होतो, हे सांगायलाही आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. मराठीत क्रियापदच माणूस बाई की पुरुष ते सांगून टाकतं. मग ‘तो म्हणाला’चं ‘घरी म्हणत होते’ होतं, ‘आम्ही’ म्हटलं की ‘आम्ही म्हणजे कोण?’ येतं, आणि इतक्या वर्षांचा जोडीदार ‘रूममेट’ होऊन बसतो. ‘लाडू कधी देताय?’ या प्रश्नाला पंचविशीत हसून उत्तर देता येतं. चाळिशीत लोक स्वतःच कारणं शोधू लागतात: पत्रिकेत दोष असेल, प्रेमभंग झाला असेल, काही आजार असेल.

जोडीदाराचे वडील गेले, तेव्हा मी रजेचा अर्ज दिला. साहेबांनी विचारलं, ‘कोण वारलं?’ मी म्हणालो, ‘मित्राचे वडील.’ ते म्हणाले, ‘मित्राच्या वडिलांसाठी चार दिवस?’ त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं, कारण त्यांना माहीतच नव्हतं. मी दोन दिवसांत परत आलो. दहाव्याला माझा माणूस घाटावर एकटा होता आणि मी जीएसटीचं विवरणपत्र भरत होतो.

रक्तदान शिबिराचा दिवसही असाच. महाराष्ट्रात कारखाना असो की बँक, वर्षातून एकदा शिबिर ठरलेलं. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषाला रक्तदान करता येत नाही. वर्षानुवर्षं एकाच जोडीदाराबरोबर राहणाऱ्यालाही ही बंदी लागू आहे. या नियमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची तपासणी होतेच. मग प्रश्न माणसाच्या वागणुकीचा विचारावा, तो कोणावर प्रेम करतो याचा नव्हे, हे माझं ठाम मत आहे. पण शिबिराच्या दिवशी हे मत कोणाला सांगणार? बाकीचे हाताला पट्टी लावून बिस्किटं खात असतात आणि ‘एवढा धडधाकट गडी, सुईला घाबरतो!’ हे ऐकून घ्यावं लागतं. खरं कारण सांगितलं तर वेगळीच चर्चा, खोटं सांगून रक्त दिलं तर नियम मोडला. त्या दिवशी आजारपणाची रजा टाकणारे माझ्या ओळखीत आहेत.

‘मोठ्या कंपन्यांत आता सगळं मिळतं’ हा समज अर्धा खरा आहे. टाटा स्टीलने २०१९ मध्ये समलिंगी कर्मचाऱ्यांना आपला जोडीदार अधिकृतपणे नोंदवण्याची मुभा दिली. अॅक्सिस बँकेने २०२१ मध्ये लिंग किंवा विवाह न पाहता जोडीदाराचं नाव मेडिक्लेममध्ये घालण्याची सोय केली. या पावलांचं मला मोल आहे. पण कंपनीचं धोरण कंपनीच्या फाटकापर्यंत चालतं. कंत्राटदारामार्फत आलेला सुपरवायझर त्यात येत नाही. जो येतो, त्यालाही विम्यासाठी जोडीदाराचं नाव एचआर, विमा कंपनी आणि दाव्याचं काम पाहणारी संस्था अशा तिघांपुढे ठेवावं लागतं. ज्याने घरी सांगितलेलं नाही, तो ही सोय असूनही वापरत नाही.

फाटकाबाहेर कायदा सुरू होतो, आणि माझं रोजचं काम त्याच्याशीच आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यामुळे कायद्याच्या लेखी आम्ही दोघं एकमेकांचे कोणी नाही. पीएफच्या योजनेत पुरुष सदस्याच्या कुटुंबाची व्याख्या ठरलेली आहे: पत्नी, मुलं, अवलंबून असलेले आईवडील, दिवंगत मुलाची पत्नी आणि मुलं. यांपैकी कोणी असेल तर नामांकन त्यांच्याच नावे करावं लागतं. कुटुंबाबाहेरच्या माणसाचं नाव, यांपैकी कोणीच नसेल, तेव्हाच चालतं. म्हणजे ज्याचे आईवडील त्याच्यावर अवलंबून आहेत, त्याच्या पीएफला जोडीदाराचं नाव लागत नाही. ग्रॅच्युइटीचा नियमही याच धर्तीचा. जोडीदाराने वर्षात पन्नास हजारांवर भेट दिली, तर ती नवरा-बायकोच्या बाबतीत करमुक्त असते, आमच्या बाबतीत उत्पन्न धरली जाते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा सगळ्यांना माहीत असलेला निकष आहे. एकत्र राहणाऱ्या दोन शिक्षिकांना तो मागताही येत नाही.

एक दार मात्र उघडलं आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केलं, की समलिंगी व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. शाखेतला अधिकारी कां-कू करू लागला, तर हे पत्रक दाखवा. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. रक्कम नॉमिनीच्या हाती आली तरी वारसदार हक्क सांगू शकतात. त्यामुळे मृत्युपत्र कराच. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही लागते आणि त्या दोघांच्या सह्या. साक्षीदार म्हणून जोडीदाराला मात्र घेऊ नका.

आणखी काही समज थोडक्यात. गे माणूस चालण्या-बोलण्यावरून ओळखू येतो, तो फॅशन नाही तर नाटक-सिनेमातच असतो, हे खरं नाही. तुमच्या ऑडिटरपासून लेथवरच्या कारागिरापर्यंत कोणीही गे असू शकतो. बोलण्यात नजाकत असलेला, गे नसलेला विवाहित पुरुषही निव्वळ त्या नजाकतीपायी छळ सोसत असतो. ‘गे सहकारी आपल्यावर डोळा ठेवेल’ ही भीती मनात असणाऱ्यांनी उलटी बाजूही पाहावी. चेष्टेच्या नावाखाली अंगचटीला येणं, ‘मजा केली रे’ म्हणून हात झटकणं, हे गे पुरुषाच्याच वाट्याला येतं. २०१३ च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली पुरुषाला तक्रार करता येत नाही. कंपनीच्या आचारसंहितेत सोय असेल तेवढाच आधार. नव्या न्याय संहितेतून ३७७ पूर्ण वगळल्यामुळे पुरुषावर झालेल्या लैंगिक बळजबरीसाठीही वेगळं कलम उरलेलं नाही. आणि ‘चांगल्या डॉक्टरला दाखव’ हा सल्ला प्रेमाने दिला तरी घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढली. ती ‘बरी’ करण्याचे उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

एकदा सांगून टाकलं की सुटलो, असंही होत नाही. साहेब बदलले की पुन्हा सांगायचं, नवी नोकरी धरली की पुन्हा. आखातातल्या प्रकल्पावर जायची संधी आली, तर पगार दुप्पट दिसत असूनही सौदी, कतार किंवा अमिरातीत आपलं नातंच गुन्हा ठरतं, हे आठवतं. माझ्या ओळखीतल्या एका अभियंत्याने घरी कारण न सांगता अशी संधी सोडली. आईवडिलांना अजून वाटतं की मुलात महत्त्वाकांक्षा नाही.

तरीही मी याच जागी टिकून आहे, आणि त्याचं कारण माणसं आहेत. स्टोअर्समधल्या एका काकांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली. पाकिटावर माझं नाव आणि त्याखाली माझ्या जोडीदाराचं, आडनावासकट, त्यांच्या हळद लावलेल्या बोटांच्या ठशासह. काकांना मी कधी काही सांगितलं नव्हतं. ते फक्त म्हणाले, ‘दोघांनी यायचं. जेवल्याशिवाय जायचं नाही.’ आम्ही गेलो, पंगतीत शेजारी बसलो, आहेर दोघांच्या नावाने लिहिला.

पण काकांच्या भलेपणावर कंपनीचा कारभार सोडता येत नाही. एचआरमध्ये असाल, तर तुमच्या हातातल्या गोष्टींपासून सुरुवात करा. रजेच्या नियमात आणि अर्जात ‘पती/पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’ लिहा. आचारसंहितेतल्या छळाच्या तक्रारीची सोय पुरुषांनाही द्या. जोडीदाराची माहिती कोण पाहू शकेल, हे लेखी ठरवा. पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून आणि मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करत आहेत, अडलं तर त्यांना विचारा. गटविम्याचं नूतनीकरण दरवर्षी होतं. पुढच्या वेळी कोटेशन मागवताना समलिंगी जोडीदारालाही विमाकवच द्यावं, एवढी एक ओळ त्या मेलमध्ये घाला.