अळिंबीच्या खोलीला हवी मोजून दिलेली हवा

पनवेल तालुका हा परंपरेने भाताचा प्रदेश होय. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतही भात यावा यासाठी येथील खार जमीन संशोधन केंद्राने प्रयत्न केले आणि 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' या वाणांच्या रूपाने ते फळास आले. परंतु गेल्या काही दशकांत या तालुक्याचे रूप पालटले आहे. २०१६ साली पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. वसाहती, कारखाने आणि रस्ते यांनी शेतजमिनीचा मोठा भाग व्यापला. अशा परिस्थितीत थोड्या जागेत, घराशेजारच्या खोलीत घेता येणारे आणि भाताचा पेंढा हाच कच्चा माल असलेले धिंगरी अळिंबीचे पीक अनेकांचे लक्ष वेधून घेते. मुंबईसारखी बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे, ही आणखी एक जमेची बाजू.

तथापि या व्यवसायात उतरणाऱ्यांच्या पदरी पुष्कळदा पहिल्याच हंगामात निराशा येते. बियाणे चांगले असते, पेंढा स्वच्छ असतो, पाणीही वेळेवर दिले जाते. तरीही अळिंबी लांब देठाची, बारीक छत्रीची निघते, नाही तर पिशवीवरच सुकून जाते. यामागील एक प्रमुख कारण म्हणजे खोलीतील हवेचे चुकलेले नियोजन. म्हणूनच पंखा व झरोके यांची निवड अंदाजाने न करता हिशेबाने करणे अगत्याचे ठरते.

बुरशीचा श्वास

हिरवी वनस्पती सूर्यप्रकाशात कार्बन डायऑक्साइड शोषून घेते व प्राणवायू बाहेर टाकते. अळिंबी ही बुरशी असल्याने तिची रीत याच्या उलट आहे. ती माणसाप्रमाणेच प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड व उष्णता बाहेर टाकते. पेंढ्याने भरलेल्या शेकडो पिशव्या एका बंद खोलीत टांगल्या म्हणजे तेथे रात्रंदिवस श्वसन चालू राहते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग इतके असते. अळिंबी उमलण्याच्या काळात खोलीतील हे प्रमाण १,००० भागांच्या आत राहणे इष्ट असते. ते वाढले की अळिंबी मोकळ्या हवेच्या शोधात देठ लांबविते आणि छत्री खुरटते. वायू मोजण्याचे उपकरण जवळ नसले तरी लांबलेला देठ हीच उत्पादकाला मिळालेली सूचना समजावी.

दोन अवस्था, दोन गरजा

पेंढ्यात बियाणे भरल्यानंतर पहिले १५ ते २० दिवस बुरशीचे पांढरे धागे पेंढा व्यापीत असतात. या अवस्थेत अंधार व २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. कार्बन डायऑक्साइड वाढल्याने या काळात फारसे बिघडत नाही. त्यामुळे जोराचा वारा देण्याचे कारण नसते. मात्र पिशव्या एकमेकींना खेटून ठेवल्यास त्यांच्या आत उष्णता साठते व धागे मरतात. म्हणून त्यांत अंतर ठेवावे.

पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या की गरजा बदलतात. आता मंद उजेड, ८० ते ९० टक्के आर्द्रता आणि ताजी हवा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. खरी कसरत येथेच आहे. हवा कमी पडली तर छत्री उमलत नाही. हवा अति झाली तर ओलावा उडून जातो आणि कोवळे कोंब पिवळे पडून सुकतात. छताचा किंवा मेजावरचा पंखा लावणे ही नेहमी आढळणारी चूक होय. असा पंखा खोलीतील तीच हवा घुसळतो आणि पिशव्या वाळवितो. हवा बदलण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. त्यासाठी आतील हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखाच हवा.

पंख्याचा हिशेब

समजा खोली २० फूट लांब, १५ फूट रुंद व १० फूट उंच आहे. तिचे घनफळ ३,००० घनफूट, म्हणजे सुमारे ८५ घनमीटर होते. उमलण्याच्या काळात खोलीतील हवा तासाला सहा वेळा बदलावी असे धरले, तर ताशी ५१० घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. पंख्याच्या पट्टीवर लिहिलेली क्षमता ही अडथळा नसतानाची असते. जाळी व झडप यांमुळे ती घटते. म्हणून एक तृतीयांश वाढ धरून ताशी सुमारे ७०० घनमीटर क्षमतेचा पंखा निवडावा. दुप्पट क्षमतेचा पंखा हाती असल्यास तो अर्धा वेळ चालवावा. दर अर्ध्या तासात १५ मिनिटे, अशा रीतीने. वेळ ठरवून देणारे साधे यंत्र जोडले म्हणजे माणूस अडकून पडत नाही. ६० वॅटचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला सुमारे २२ युनिट वीज लागते.

पंखा हवा बाहेर टाकतो; पण आत येण्यास वाट नसेल तर त्याचे श्रम व्यर्थ जातात. वरील पंख्यासाठी सुमारे २ चौरस फूट मोकळा झरोका लागतो. माश्या व चिलटे रोखण्यासाठी बारीक जाळी लावावीच लागते आणि ती बराच मार्ग अडविते, म्हणून झरोका ४ चौरस फुटांचा ठेवावा. पंखा एका भिंतीवर उंच आणि झरोका समोरच्या भिंतीवर खाली, सावलीच्या बाजूस असावा. पावसाळ्यात नैऋत्येकडून वारे येतात. त्यांच्या समोर पंख्याचे तोंड ठेवू नये. काम नीट झाले की नाही हे पाहण्यास एक उदबत्ती पुरते. पंखा चालू करून ती झरोक्यापाशी धरावी; धूर आत ओढला जाऊन खोलीभर सरकत पंख्याकडे गेला पाहिजे. कोपऱ्यात तो घोटाळत राहिला तर तेथील पिशव्यांना हवा मिळत नाही, हे उघड होते.

कोकणातील दमट हवा

झरोक्यावर ओले गोणपाट लावून हवा गार करण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते. तिचा गुण हवेच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. उन्हाळ्याच्या दुपारी हवा ३५ अंश तापलेली व आर्द्रता ४० टक्के असेल, तर ओलाव्यामुळे ती जास्तीत जास्त सुमारे २४ अंशांपर्यंत उतरू शकते. पण पावसाळ्यात २८ अंश व ९० टक्के आर्द्रता असताना ती जेमतेम एक-दीड अंशाने उतरते. त्या दिवसांत गोणपाट भिजविण्यापेक्षा नुसती हवा बदलत ठेवणे फायद्याचे. पिशव्यांवर पाणी साचून डाग पडत असतील तर फवारणी कमी करावी.

माणसाची काळजी

पूर्ण उमललेली छत्री असंख्य सूक्ष्म बीजाणू हवेत सोडते. बंद खोलीत ते सतत श्वासावाटे गेल्यास खोकला, ताप, धाप असे विकार जडू शकतात. हे काम पुष्कळदा महिलांच्या हाती असते. म्हणून छत्रीच्या कडा वर वळण्यापूर्वी तोडणी करावी, तोडणीपूर्वी काही वेळ पंखा चालवावा आणि नाकातोंडावर चांगला मास्क वापरावा. ओल्या खोलीत विजेचा धोकाही मोठा असतो. पंख्याला अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारे स्विच असल्याखेरीज तो सुरू करू नये. वीज गेली तर उघडता येईल अशी जाळीची एक खिडकी अवश्य राखावी.

गावाचा वाटा

बचत गटाला कर्ज मंजूर करताना पिशव्या व बियाण्यांचा खर्च तपशिलाने मांडला जातो. हवेची तरतूद मात्र बहुधा कागदावर येतच नाही. ग्रामपंचायत सदस्यांनी व विस्तार अधिकाऱ्यांनी प्रस्ताव पाहताना खोलीचे घनफळ, पंख्याची क्षमता आणि झरोक्याचे माप ही तीन उत्तरे मागावीत. शिक्षकांना तर हा गणित व विज्ञानाचा जिवंत पाठ ठरेल. विद्यार्थ्यांनी गावातील एखादी खोली मोजून हिशेब करून दिला, तर पुस्तकातील घनफळाला अर्थ येईल आणि एखाद्या कुटुंबाची गुंतवणूकही वाचेल. पेंढा गावचा आहे, श्रम गावचे आहेत. हवेचा हिशेब तेवढा वेळेवर मांडला पाहिजे.