विकत घेतलेले गाणे फोनमध्ये कसे न्यावे?

गाणे विकत घ्यावे लागते, ही गोष्टच आमच्या घरी कोणाला ठाऊक नव्हती. गाणे सप्ताहात, लग्नाच्या मांडवात किंवा एस. टी. स्टँडवरच्या टपरीत आपोआप कानावर पडते, अशी आमची समजूत. त्यामुळे पैसे मोजून गाणे घेणारी आणि ते फोनमध्ये कसे भरावे यासाठी चार दिवस डोके खपविणारी आमच्या घराण्यातील पहिली व्यक्ती मीच. (कॉलेजात येणारीही पहिली मीच.) या खटाटोपात जे समजले ते मित्रमैत्रिणींपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. प्राध्यापक मंडळींना यातले पुष्कळसे माहीत असेल. त्यांनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

निमित्त असे घडले. माझे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने कोपीवर राहतात. अण्णांना भीमसेन जोशींच्या अभंगांचे भारी वेड. गेल्या वर्षी टोळी निघण्याआधी मी त्यांच्या फोनवर वर्गणीचे एक ॲप घेतले, एका महिन्याचे पैसे भरले आणि चाळीस अभंग उतरवून दिले. महिना सरला आणि गाणी बंद पडली. यादीत नावे दिसत, पण वाजत नसत. अण्णांना वाटले, आपल्याच हातून काहीतरी चुकीचे दाबले गेले आणि पोरीने पैसे घालून दिलेली वस्तू आपण बिघडवली. तीन आठवडे त्यांनी मला हे सांगितलेच नाही. शेवटी मायने फोनवर सांगितले, तेही दबक्या आवाजात.

बिघडले काहीच नव्हते. वर्गणीच्या ॲपमध्ये 'डाऊनलोड' केलेले गाणे आपल्या फोनमध्ये असते हे खरे, परंतु ते कुलूपबंद असते आणि किल्ली कंपनीकडे राहते. ॲप मधूनमधून इंटरनेटवरून कंपनीला विचारते की, या गिऱ्हाईकाची वर्गणी चालू आहे का? उत्तर नकारार्थी आले, किंवा बरेच दिवस रेंज नसल्यामुळे विचारताच आले नाही, तर गाणे वाजत नाही. स्पॉटिफायसारख्या सेवेत वर्गणी चालू असली तरी निदान ३० दिवसांतून एकदा फोन इंटरनेटला जोडावा लागतो. ही भाड्याची सायकल झाली. भाड्याची सायकल वाईट असे नव्हे, पण ती आपली समजून कोणाला भेट देऊ नये. मी नेमके तेच केले होते.

मग विकत घेतलेल्या गाण्याला कुलूप नसते काय? एकेकाळी असे. ॲपल कंपनीने २००३ साली अमेरिकेत आयट्यून्स नावाचे गाण्यांचे दुकान उघडले, तेव्हा ९९ सेंट देऊन घेतलेले गाणेसुद्धा ठराविक यंत्रांवरच वाजे. लोकांची कुरकुर होऊ लागली. २००७ साली स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून ही कुलपे नकोत असे म्हटले, आणि २००९ मध्ये त्या दुकानातील सर्व गाणी कुलपाविना देण्याचे ठरले. म्हणून आज तेथे घेतलेले गाणे ही एक साधी फाईल असते. वहीचे पान जसे या दप्तरातून त्या दप्तरात टाकावे तशी ती हलविता येते. हे दुकान भारतात २०१२ पासून आहे. बँडकॅम्प हे दुसरे दुकान. तेथे अनेक कलावंत स्वतःच आपली गाणी विकतात आणि फाईल कोणत्या प्रकारची हवी तेही आपल्याला निवडता येते. वर्गणी कोठेच लागत नाही.

'कमवा आणि शिका'च्या पैशांतून मी यंदा अभंग विकत घेतले. एका गाण्याला साधारण एका वडापावाचे पैसे पडले. मैत्रिणीच्या भावाच्या संगणकावर आयट्यून्स होते, तेथेच खरेदी केली. (नव्या विंडोज संगणकांवर आता त्याची जागा ॲपल म्युझिक आणि ॲपल डिव्हायसेस या ॲपांनी घेतली आहे.) 'म्युझिक' फोल्डरात शोधले तर 'आयट्यून्स मीडिया'च्या पोटात गायकाच्या नावाने फाईली सापडल्या. नावाच्या शेवटी 'एम४ए' असेल तर निर्धास्त असावे. 'एम४पी' असेल तर तो जुना कुलूपबंद माल किंवा वर्गणीचा माल समजावा. असे कुलूप फोडून नकला काढणे हा आपल्या कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे, त्या वाटेला मी गेले नाही.

अँड्रॉइड फोन असेल तर पुढचे काम पाच मिनिटांचे आहे. फोन वायरने संगणकाला जोडावा. काही स्वस्त वायरी फक्त चार्जिंगच्या असतात. माझा पहिला दिवस त्यातच गेला. जोडल्यावर फोन आपणहून केवळ चार्ज होऊ लागतो. वरून पट्टी खाली ओढून 'फाईल ट्रान्सफर' निवडावे, म्हणजे संगणकावर फोनचे कपाट उघडते. त्यातील 'म्युझिक' फोल्डरात गाणी टाकावीत. वाजविण्यासाठी व्हीएलसी हे ॲप फुकट आहे, त्याला जाहिराती नाहीत आणि इंटरनेटही लागत नाही.

आयफोनवाल्यांचे थोडे अडते. तेथे फाईल नुसती टाकून भागत नाही. आयट्यून्स किंवा त्याच्या जागी आलेल्या ॲपातून 'सिंक' करावे लागते, आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'सिंक लायब्ररी' चालू असेल तर ते आधी बंद करावे लागते, कारण ती सोय वर्गणीदारांची आहे. आमच्या वर्गात आयफोन एकीकडेच आहे, तेव्हा हा विषय लांबवीत नाही.

माझे घोडे अडले ते वेगळ्याच ठिकाणी. कोपीवर वीज नसते. मोठ्या पडद्याचा फोन दिवसभरही तग धरत नाही, म्हणून अण्णा यंदा बटनांचा साधा फोन घेऊन गेले. त्यात मेमरी कार्डाची खाच आहे. मी मोठ्या आनंदाने कार्डावर अभंग टाकले, फोनमध्ये घातले, आणि फोनने सांगितले की, ही फाईल चालत नाही! पुष्कळ साध्या फोनांना 'एम४ए' कळत नाही, त्यांना एमपी-थ्री लागते.

येथे थोडे शास्त्र सांगावे लागेल. सीडीवर आवाजाची मोजणी एका सेकंदाला ४४,१०० वेळा केलेली असते, प्रत्येक मोजणी १६ बिटांची, आणि डावा-उजवा मिळून दोन कानांसाठी वेगवेगळी. या हिशेबाने चार मिनिटांच्या गाण्याला सुमारे ४२ एमबी जागा लागते. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज माणसाच्या कानाला तसाही ऐकू येत नाही, हे ओळखून तेवढा भाग गाळण्याची युक्ती म्हणजे एमपी-थ्री. तेच गाणे मग ८ एमबीच्या आत मावते. 'एम४ए'मधील पद्धत हिच्याहून नवी आणि सरस आहे. पण एमपी-थ्री सर्वांना समजते, बाजारातल्या हिंदीसारखी.

रूपांतर आयट्यून्समध्येच होते. 'प्रेफरन्सेस'मधील 'इम्पोर्ट सेटिंग्ज'मध्ये एमपी-थ्री निवडावे; मग गाण्यावर बोट ठेवून 'फाईल', 'कन्व्हर्ट', 'क्रिएट एमपी-थ्री व्हर्जन' अशा पायऱ्यांनी जावे. मूळ फाईल तशीच राहते. एकदा गाळलेले पुन्हा गाळल्याने आवाज किंचित उतरतो, तेव्हा मूळ फाईल पुसू नये. कार्ड ३२ जीबीचे घेतले आणि 'फॅट३२' पद्धतीने फॉर्मॅट केले, कारण साध्या फोनांना तीच पद्धत वाचता येते. अशा कार्डात चार मिनिटांची सुमारे चार हजार गाणी मावतील; अण्णांना साठ पुरली. नावे मराठीत दिली तेव्हा फोनवर नुसते चौकोन उमटले, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिली आणि प्रत्येकाआधी ०१, ०२ असे आकडे घातले. त्यामुळे फोन गाणी त्याच क्रमाने वाजवितो. अण्णांना अक्षरे लागत नाहीत, पण आकडे लागतात. मुकादमाच्या हिशेबाची त्यांना सवय आहे.

एवढा उपद्व्याप कशाला, बाजारात शंभर रुपयांत कार्ड भरून मिळते, असे मला अनेकांनी ऐकविले. मिळते खरे. आमच्याकडे असे एक कार्ड होते. त्यात निम्मी गाणी अर्ध्यावर तुटलेली, नावे भलत्याच गायकांची, आणि त्या शंभरातला एक पैसा गाणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना पोचत नाही. ज्यांच्या घामाचा हिशेब दर साल कापला जातो, त्यांच्या मुलीने दुसऱ्याच्या कष्टाचे फुकट घ्यावे, हे मला पटेना.

एक मात्र न विसरता करावे. विकत घेतलेल्या फाईलींची दुसरी प्रत ठेवावी. दुकान पुन्हा उतरवून घेऊ देते, पण दुकानच उठले तर? फ्लिपकार्टने 'फ्लाईट' नावाने २०१२ साली गाण्यांचे दुकान काढले आणि २०१३ सालीच बंद केले. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झाले. ज्यांनी मुदतीत गाणी उतरवून घेतली त्यांची राहिली.

जानेवारीत अण्णांचा फोन आला. तेरा नंबरचा अभंग मध्येच अडतो म्हणाले, बाकीचे सगळे वाजतात. शेजारच्या कोपीतली माणसेही रात्री ऐकायला येऊन बसतात. कार्ड पट्टा पडल्यावर परत येईल तेव्हा ती एक फाईल पुन्हा भरीन. तिची मूळ प्रत वसतिगृहात माझ्या पेटीत, दुसऱ्या कार्डावर आहे.