मैत्रीचा कब्जा

जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यांनी, बियाण्यांच्या कंपन्यांनी आणि मोंढ्यातील उलाढालीने जी माणसे या नगरीकडे ओढून आणली, त्यांत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला भट्टीवरचा मजूर जसा आहे, तसाच मंठ्याहून वा घनसावंगीहून शिक्षणासाठी आलेला विद्यार्थीही आहे. आणि या सर्वांना पहिल्या दिवशी हवे असते ते ओळखीच्या माणसाच्या शब्दावर मिळणारे छप्पर. म्हणूनच असे घडते की, कुंडलिकेच्या या वा त्या काठावर घर किरायाने घेऊन राहिलेला एखादा गृहस्थ गच्चीवर विटांच्या चार भिंती उभारतो, वर पत्रे टाकतो, आणि गावाकडचा मित्र आला म्हणजे महिना दोन-तीन हजारांच्या बोलीवर ती खोली त्याच्या हवाली करतो. घरमालकाला फार तर तोंडी सांगितलेले असते. नगराच्या बांधकाम खात्याला कोणीच काही विचारलेले नसते. या व्यवहारात लबाडी क्वचितच असते. परंतु त्याचे कायदेशीर परिणाम भोगण्यास लबाडी असावीच लागते, असे नाही.

मराठवाड्यातील भाडेकरूचा कायदेशीर इतिहास उर्वरित महाराष्ट्राहून निराळा आहे, आणि तो थोडा सविस्तर सांगणे अवश्य आहे. मुंबई इलाख्यात 1947 चा भाडेनियंत्रण कायदा चालत होता, विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा 1949 चा आदेश होता, आणि आपल्याकडे हैदराबाद राज्याने 1954 साली केलेला घरभाडे, निष्कासन व पट्टा नियंत्रण कायदा अमलात होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1981 च्या महाराष्ट्र दिनी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तरी घरभाड्याच्या बाबतीत निजामी मुलखाची ही सरहद्द कायमच राहिली. ती पुसली गेली ती महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 या कायद्याने, 31 मार्च 2000 पासून. त्या सरहद्दीची एक खूण मात्र नव्या कायद्याच्या पोटातही उरली आहे: बेकायदा पोटभाड्याच्या कारणावरून घर खाली करून घेण्याचा हक्क जुन्या मुंबई कायद्याच्या क्षेत्रात 1 फेब्रुवारी 1973 पासूनच्या व्यवहारांना लागतो, तर विदर्भ-मराठवाड्यात हा अधिनियम सुरू झाल्यानंतरच्या व्यवहारांना. आज गच्चीवरची खोली मित्राला देणाऱ्याला अर्थातच या तारखेचा काही आसरा नाही.

अधिनियमाचे कलम 26 असे सांगते की, करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूने घर वा घराचा कोणताही भाग पोटभाड्याने देणे, परवान्याने देणे किंवा आपला हक्क अन्य रीतीने दुसऱ्याकडे सोपविणे बेकायदेशीर आहे. आणि कलम 16 त्याच कृत्याला कब्जा परत मागण्याचे कारण मानते. ‘परवान्याने’ हा शब्द दुर्लक्षिण्याजोगा नाही. पोटभाडे नको म्हणून लीव्ह अँड लायसन्सचा कागद करून द्यावा, म्हणजे आपण सुरक्षित झालो, असा सल्ला देणारी मंडळी चहाच्या टपरीपासून कचेरीच्या आवारापर्यंत सर्वत्र भेटतात. परंतु घरमालकाच्या संमतीवाचून भाडेकरूने दिलेला परवानाही त्याच निषेधात येतो. ज्या गावांना भाडेनियंत्रणाचा कायदा लागू नाही, तेथे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा नियम उलटा आहे, म्हणजे करारात मनाई नसेल तर पोटभाडे देता येते. तेव्हा आपले घर कोणत्या कायद्याच्या हद्दीत आहे, हे वकिलाकडून आधी समजून घ्यावे.

मग मित्राला घरात ठेवूच नये काय? तसे कायद्याचे म्हणणे नाही. न्यायालये पाहतात ती अनन्य कब्जा कोणाचा, ही गोष्ट. मित्र तुमच्याबरोबर राहतो, तुमच्याच स्वयंपाकघरात जेवतो, दाराची किल्ली आणि घरावरची हुकमत तुमची आहे, अशा स्थितीत तो पाहुणा ठरतो. मात्र त्याच्या खोलीला त्याचे कुलूप लागले, जिना निराळा झाला, त्याच्या गैरहजेरीत तुम्ही आत जाऊ शकत नाही असे झाले, म्हणजे स्वरूप पालटते. असा परका कब्जा घरमालकाने एकदा दाखवून दिला की, तो कोणत्या नात्याने आहे याचा खुलासा करण्याचा भार भाडेकरूवर येतो. आणि पैसे घेतल्याची पावती सापडली नाही म्हणूनही सुटका होत नाही, कारण असे व्यवहार गुप्तपणेच होतात हे ओळखून मोबदल्याचे अनुमान काढण्यास न्यायालये मोकळी असतात. ‘तो माझा मित्र आहे’ हे उत्तर कैफियतीत शोभून दिसते, पण कुलपाबद्दलच्या प्रश्नाला ते उत्तर होत नाही.

खोली विनापरवाना बांधलेली असेल तर प्रकरण अधिकच चिघळते. घरमालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने कायम स्वरूपाचे बांधकाम करणे हेच मुळी कलम 16 खाली बेदखलीचे स्वतंत्र कारण आहे. लाकडी आडपडदा किंवा स्वयंपाकाचा ओटा यांना कायद्याने त्यातून वगळले आहे, विटांच्या खोलीला नाही. शिवाय महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे परवानगीवाचून बांधकाम करणे हा गुन्हा असून, त्याला किमान एक महिना ते तीन वर्षे कैद आणि 2,000 ते 5,000 रुपये दंड सांगितला आहे. 2023 मध्ये जालन्याची नगरपरिषद महानगरपालिका झाली; महानगरपालिकांच्या कायद्यात अनधिकृत बांधकामावर मालमत्ताकराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावण्याची तरतूद आहे, आणि ती भरली म्हणून खोली अधिकृत होत नाही, हेही तेथेच स्पष्ट केले आहे. त्या पत्र्याखाली कोणी दगावला तर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा आरोप येतो, आणि भारतीय न्याय संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

सर्वांत विलक्षण भाग असा की, पोटभाडेकरूच्या संदर्भात घर देणारा भाडेकरू स्वतःच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘घरमालक’ बनतो. करार लेखी करून नोंदविण्याची कलम 55 मधील जबाबदारी मग त्याच्या गळ्यात पडते, आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लेखी नोंद नसेल तर भाड्याच्या अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते; म्हणजे मैत्री आंबली की अनामत किती दिली आणि मुदत किती ठरली हे तो सांगेल तसे. इकडे त्या मित्राची अवस्थाही केविलवाणी असते. मूळ भाडेकरूविरुद्ध हुकूमनामा झाला की बेकायदा पोटभाडेकरूलाही त्याबरोबर बाहेर पडावे लागते, त्याला दाव्यात पक्षकार केले नसले तरी. कायदेशीर पोटभाडेकरूला मिळणारे संरक्षण त्याला नाही, आणि दिलेली अनामत मागायची ती ज्याचे स्वतःचे घर गेले त्या मित्राकडेच.

ज्यांना मित्राची सोय करायचीच आहे, त्यांनी किल्ली देण्यापूर्वी घरमालकाची संमती त्याच्या सहीनिशी लेखी घ्यावी, मंजूर नकाशात ती खोली आहे की नाही हे महानगरपालिकेत पाहावे, आणि मगच दुय्यम निबंधकाकडे करार नोंदवावा. लीव्ह अँड लायसन्सच्या करारावरचे मुद्रांक शुल्क शेकडा चार आणे इतकेच आहे. जिल्हा प्रशासनाचा तसा आदेश अमलात असेल तर राहणाऱ्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. खोली नकाशात नसेल तर मात्र ती भाड्याने देऊ नये. मित्राला आपल्याच खोलीत जागा करून द्यावी.